डाग

विट्यात, जुन्या मोटारस्टँडमागं,
फोटो स्टुडिओ आणि पिठाची गिरणी यांच्या फटीत
माझं दुकान. पाटी लहान:
जुनी नाणी तपासून मिळतील. फी पन्नास.

गिरणी चालू असली की काटा थरथरतो,
दुसरा दशांश ठरत नाही.
कुणाचं तरी जोंधळ्याचं दळण संपेपर्यंत
राणीचं वजन अधांतरी.

दाजी आत, बाजेवर.
बेचाळीस वर्षं कोइमतुरात गलाई केली त्यांनी.
किलोकिलोनं कलदार मुशीत सोडले,
वर सोहाग्याची चिमूट, खाली भात्याची धाप.
"आधी नाक जायचं राणीचं, मग मुकुट.
साल कोण बघतंय? आमी रसाचा रंग बघायचो."
एकदा मी त्यांना यादी वाचून दाखवली,
कुठलं साल दुर्मीळ, कुठल्या टाकसाळीचं.
ऐकून घेतलं. मग म्हणाले,
"त्यात आमचा बी हात हाय थोडा."

मंगळवारी लेंगऱ्याहून गोदाक्का हसबे आल्या.
पदराच्या गाठीत रुपया,
रुपयाच्या डोक्यावर तुटक्या कडीचं खोड.
चौदा होते माळेत, म्हणाल्या. ह्यो उरला.

भिंगाखाली धरला.
कडेला शिवण नाही, म्हणजे ओतीव नाही.
बुडबुडे नाहीत. दाते सरळ.
राणीच्या झग्यावरची वेलबुट्टी अजून लागते,
गाल मात्र गेलाय.
बाजारात हात बदलून गेलेला गाल
आणि बाईच्या गळ्याला घासून गेलेला गाल
वेगळे असतात. हा तुकतुकीत.
डाग धरून अकरा ग्रॅम अठ्ठ्याहत्तर.

आमच्याकडं डाग म्हणजे दागिना.
डाग म्हणजे झाळ, दोन तुकडे एकजीव होतात ती जागा.
माझ्या छापील पावतीत डाग म्हणजे दोष:
प्रत ठरत नाही, संग्राहक हात लावत नाही.

दाजी कधी उठून आले कळलं नाही.
उचलला आणि टाकला शहाबादी फरशीवर.
"दाजी, कड!" मी ओरडलो.
गिरणीच्या घरघरीतूनही
तो वाजला, आणि वाजत राहिला.
मग अंगठा फिरवला त्यांनी खोडावर.
"फुंकणीनं दिलाय. एका दमात.
डावरा असणार गडी, चांदी उजवीकडं वाहिलीया.
एवढा बारीक डाग आता कोण देतंय?"

हा रकाना माझ्या पावतीत नव्हता.

"आक्का," मी म्हणालो, "विकायचा तर चांदीचाच भाव येईल..."
"इकतंय कोण?
थोरली जाऊ चाळीस वर्सं म्हणत आली,
तुझ्या म्हायेरचा रुपया खोटा.
ती गेली. आता तिचा नातू म्हणतोय.
लिवून दे."

लिहिलं: अस्सल.
प्रत, तिथं आडवी रेघ. सही. शिक्का.
वाचता येत नसताना
त्यांनी तो कागद बराच वेळ वाचला.

फी म्हणून दहाची पाच नाणी मोजली.
"बाजारात घेत न्हाईत कुनी. खोटी म्हणत्यात.
तुला तर कळतंय."

संध्याकाळी चहाच्या गाड्यावर त्यातली दोन ठेवली.
अरे खरी आहेत, मी सांगत होतो,
हा बघ, माझा धंदाच हा.
पोरानं न बघताच ती माझ्याकडं सरकवली.
"नोट नाय का, नाना?"