फक्त अंक

रुवीत, मनी एक्स्चेंजच्या तिसऱ्या मजल्यावर
मी एका चौकटीची राखणदार.
अक्षर आलं, स्वल्पविराम आला,
मधेच एखादी मोकळी जागा आली
की लाल ओळ: कृपया फक्त अंक टाका.

कोड तीन ओळींचा.
एकेका चिन्हाला पुढे बोलवायचं,
विचारायचं, तू शून्य ते नऊच्या घरातलं का?
एकानं जरी मान हलवली, अख्खी रांग माघारी.

गुरुवारी काउंटरवरून बोलावणं आलं.
वादी कबीरच्या गॅरेजातले उस्मान परकार,
मूळचे बाणकोटचे, बोटांच्या भेगांत ग्रीस,
फोन माझ्या नाकासमोर धरून:
"आकडेच हत ना हे, बाय?"
००४७१९८३.
अंकलिपीतून उठून आल्यासारखे,
खाली गाठ मारलेला चार,
काठी टेकून उभा एक,
आणि त्यांच्या पायाशी माझी लाल ओळ.

मी याच अंकांवर वाढले.
एकावर पूज्य दहा, एकावर एक अकरा,
पाटी पुसून पुन्हा एकावर पूज्य.
आणि माझ्याच कोडनं
त्यांना दारात ओळख दाखवली नाही.

शेजारची ज़ुवैना हसली. "आमचेही परत पाठवतो तो."
तिनं पावतीच्या पाठीवर पाच काढला,
मी शून्य वाचलं.
तिचं शून्य म्हणजे नुसतं टिंब,
मला वाटलं कुठल्या तरी शब्दाचा अनुस्वार गळून पडलाय.
"आम्ही यांना हिंदी म्हणतो," ती म्हणाली.
आणि कीबोर्डवरच्या या गोऱ्यागोमट्यांना
सगळं जग म्हणतं अरबी.
कुणाचं लेकरू कुणाच्या कडेवर!

दुरुस्ती केली.
कुठल्याही लिपीतला अंक असो, आत घे,
उंबरठ्यावरच त्याचे कपडे बदल, बँकेला कळायला नको.
मग घाईत त्याची संख्या करून टाकली
तर पुढची दोन पूज्यं गायब.
परकारांचा नंबर ही संख्या नव्हे.
तो कोणी कशात मिळवत नाही,
त्याला कोणी भागत नाही.
आठ जण आपापल्या जागी उभे आहेत, एवढंच.
ज्यांची किंमत शून्य, तेही.

रात्री साडेअकराला, जायच्या आधी,
सहज चौकट रिकामी ठेवून बटण दाबलं.
हिरवी खूण.
सगळे अंकच आहेत, कोड म्हणाला.
अरे, सगळे कोण? आत एक चिटपाखरू नाही.
नाही म्हणायला कोणी नव्हतं,
म्हणून ठराव एकमताने मंजूर.
बाहेर बाकी काही हालत नव्हतं,
फक्त समोरच्या गच्चीवरचे एसी
आपापलं पाणी गाळत होते.
मी परत बसले, वर एक ओळ घातली.
आधी हाक मार: कोणी आहे का?
मग विचार जात-कूळ.

शुक्रवारी परकारांचा मेसेज:
"४५ पोचले, बाय. घरी सांगितला."
ते पंचेचाळीस रियाल होते,
तिकडे पोचून किती झाले, त्यांनी लिहिलं नाही.
अक्षरं, स्वल्पविराम, पूर्णविराम, शब्दाशब्दांत मोकळ्या जागा.
माझ्या चौकटीत यातले
चार आणि पाच, दोघेच टिकले असते.