चाळीस किलो जास्त

अक्कलकोट रोडला, बंद सूतगिरणीच्या पलीकडं
आमचा साठ टनी काटा. रात्रपाळी माझी.
जाळीतून आधी हात येतो,
हातात नोट, ओठांत गाडीचा नंबर;
माणूस नंतर दिसतो. कधी दिसतच नाही.

परवा पावणेतीनला दस्तगीर नदाफ आला.
दोन मोटारी नेणारी गाडी त्याची, एक वर, एक खाली.
सांगाडा कुंभारीच्या वेल्डरनं केलेला, पट्ट्या अंमळ जाड.
"मजबूत पायजे म्हणलो होतो, अक्का."
ती मजबुतीच आता त्याचा माल खाते.

पुस्तकात मर्यादा लिहिलीय : सात हजार चारशे नव्वद.
साडेसात हजाराच्या आत, दहा किलो राखून,
म्हणजे हलक्या परवान्यावर भागतं.
कंपनीवाले हुशार.
जड परवान्याचं विचारलं की दस्तगीर डावा डोळा चोळतो
आणि डिझेलच्या भावावर बोलायला लागतो.

लाल आकडे थरथरले, थांबले.
सात हजार पाचशे तीस.

"चाळीसच की. नव्वद लिही ना.
काटा काय बोलतोय का बे उठून?"

माझी आई विड्या वळायची.
संध्याकाळी कारखान्यात चेकर पुडकं तळहातावर झेलायचा,
हलकं लागतंय म्हणायचा, आणि मूठभर छाट काढायचा.
बारा वर्षं, रोज.
त्याच्यापाशी काटा नव्हता. नुसता तळहात होता.
हे मी दस्तगीरला सांगितलं नाही.
म्हटलं, "उतर खाली, बघू."

तो उतरला तसे आकडे घसरले :
सात हजार चारशे सत्तर.
दोघंही बघत राहिलो.
गाडी नियमात, दोन्ही मोटारी नियमात,
चालवणारा तेवढा जास्त झालेला.
"मग मी चालत होतो पुढं," तो म्हणाला,
"हिला म्हणावं ये मागनं वागदरीपर्यंत."

हसून झाल्यावर त्यानं पाण्याचा कॅन काढला.
वीस लिटर. काट्याशेजारच्या कडुलिंबाला
एवढं पाणी एकदम कधी मिळालं नव्हतं.
अजून वीस.
खालच्या मोटारीचा मालक बँकेतला, बदली गुलबर्ग्याला.
मोटार पाठवतोय म्हणाला होता;
डिकी उघडली तर निम्मा संसार :
चादरींचे गठ्ठे, मिक्सर, कुकरची तीन झाकणं,
आणि तळाशी, टॉवेलात लहान मुलासारखा गुंडाळलेला,
पाटा. वरवंट्यासकट.

आम्ही दोघांनी उचलून तो खिडकीखाली ठेवला.
दस्तगीर परत चढला.
सात हजार चारशे पंच्याऐंशी.
मी पावती फाडली, शिक्का मारला.
"गुरुवारी परत येताना नेतो, अक्का, साहेबाला फोन करतो,"
म्हणाला, आणि मागचा लाल दिवा
बराच वेळ दिसत राहिला. रस्ता सरळ आहे तिकडं.

साडेचारला आठ मोटारींचा मोठा ट्रेलर आला,
नवा, लांबलचक, वरच्या मोटारींवर अजून प्लास्टिक.
ड्रायव्हरनं न विचारता जड परवाना दाखवला,
जणू मी आरटीओच.
वजन नियमात. एक शब्द न बोलता गेला.

उजाडल्यावर टॉवेल बाजूला केला.
पाटा मधोमध खोलगट, हळदीनं पिवळा पडलेला,
एका बाजूला जास्त झिजलेला;
वाटणारीचा उजवा हात जोराचा असणार.
नवीन होता तेव्हा किती भरला असेल?
दोन किलो जास्त? तीन?
पुसट पुसट होत कुणाच्या तरी जेवणात गेलेलं ते वजन
कुठल्या पावतीवर लिहायचं,
ते मला कुणी शिकवलेलं नाही.

गुरुवार येऊन गेला.
पाटा अजून खिडकीखालीच आहे.
गाड्यांचे नंबर सांगणारी माणसं
हल्ली त्यावर पाय ठेवून उभी राहतात,
त्यामुळं जाळीतून त्यांचे चेहरे दिसतात.