साबुदाणा आणि आवळा

गंगावेशीच्या कट्ट्यावर संध्याकाळी
हे म्हैस उभी करतात आणि गिऱ्हाइकाच्या ग्लासात
थेट धार सोडतात. फेस वर येतो, काच कोमट होते.
नऊ वर्षं मी तिथंच बाजूला बसून सुटे पैसे मोजले
आणि गिऱ्हाइकांच्या बायकांनी माझं पोट मोजलं.

माझ्या तपासण्यांची पिशवी खुंटीला असते:
सोनोग्राफी सहा, नळ्यांचा फोटो दोनदा,
शाहूपुरीतल्या बाई, राजारामपुरीतल्या बाई,
मग कुणीतरी सांगितलं म्हणून मिरज.
पाळी माझी तारखेला यायची,
महापालिकेच्या पाण्यापेक्षा वक्तशीर.
ह्यांना कुणी काही विचारलं नाही.
हे बाहेर, गाडीला टेकून, तंबाखू मळत.

डोकं ठणकायचं, तर ऊन लागलं.
दाढी आठवड्यातनं एकदाच करावी लागायची,
तर ब्लेड वाचलं.
रात्री भिंतीकडं तोंड,
तर पहाटे तीनला धारा असतात, दमतो माणूस.
मीही तेच म्हणाले. सासूला, बहिणीला, मग मलाच.
एकदा गादीखाली शिलाजिताची डबी सापडली.
चादर नीट केली, डबी होती तिथं ठेवली.

मग डाव्या अंगानं येऊन चंद्रीनं ढुशी दिली.
रोजची म्हैस. हिला कसं बघितलं नाही?
आठ दिवसांनी उजवीकडनं केएमटी घासून गेली.
डोळ्यांच्या दवाखान्यात यंत्राला हनुवटी टेकवून
ठिपके दाखवले. मधले सगळे दिसले.
दोन्ही कडा काळ्या.
टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात तसं जग,
किती दिवसांपासून, त्यांनाही सांगता येईना.

फाईलसाठी नाव मलाच घ्यावं लागलं,
लग्नानंतर पहिल्यांदा उखाण्याविना:
आनंदा बिरू हेरवाडे.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते म्हणे,
तिच्यातनं वाढलेली आवळ्याएवढी गाठ.
"प्रोलॅक्टिन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुधाचं हॉर्मोन.
बाळंतिणीलाही इतकं नसतं."
हे हसले. "धंदाच हाय की आमचा."
मग हसू तोंडावर तसंच राहिलं, उतरायचं विसरल्यासारखं.

बाकावर शेजारी कागलची अक्षता, वय तेवीस.
लग्न नाही, चार महिने पाळी नाही,
आणि कुडत्यावर दुधाचे दोन डाग.
आईनं आधी थोबाडीत दिली, मग दवाखाना गाठला.
तिची गाठ साबुदाण्याएवढी.
तीच गाठ, तेच दूध.
तिच्या अंगानं चार महिन्यांत बोंब मारली.
ह्यांचं अंग ह्यांच्यासारखंच, घुमं.
आणि पोरीच्या अंगाला महिन्याच्या महिन्याला
घरात हिशेब द्यावा लागतो. गड्याच्या अंगाचा
हिशेब कोण मागतं?

गोळी दोघांना एकच, आठवड्यातनं दोनदा.
ऑपरेशन बहुतेक लागणार नाही.
अक्षताच्या आईला काहीतरी सांगावंसं वाटत होतं.
विचारलं एवढंच, की चहात साखर चालते का.

काल कट्ट्यावर मी माझ्या जागी, ह्यांच्या उजव्या कडेला,
चिल्लर मोजत. हे ग्लासात बघत,
मान न वळवता म्हणाले,
"पदर सावर, फेस उडायलाय."

एकशे चाळीस झाले होते, की एकशे साठ.
परत पहिल्यापासनं मोजायला घेतले.