नमुना क्रमांक ४१७

सातपूरच्या प्रयोगशाळेत पोतं आलं
हरसूलकडून, गुळवेलीचं.
सोबत जिवलीबाई भोये,
पावतीसाठी दारात थांबलेली.

तिनं एक कांडी मोडली,
तोंड माझ्याकडे केलं : "बघ, चाक."
मी पातळ काप घेऊन भिंगाखाली धरला.
चाकच. आरे मोजले, नोंदवले.

"कडुनिंबावरची हाये," ती म्हणाली.
अर्जात झाडाचा रकाना नाही.
शेऱ्यात लिहिलं मी, शिसपेन्सिलीनं,
पुसता येईल असं.

चौथ्या दिवशी शिसं निघालं.
मर्यादेच्या जरासंच वर;
पण 'जरासं' हा शब्द
औषधाच्या कायद्यात नसतो.
कुणाचं तरी लेकरू पिणार असतं तो काढा.

फोन लावला.
"वाळत कुठं घातली होती?"
"डांबरीवर. अंगणात ऊन टिकत नाही, बाई.
रातंदिस गाड्या जातात, पण कडेलाच होती."

मग दोघी गप्प.
तिकडे कोंबडी ओरडली.

"माल जाळावा लागेल, जिवलीबाई."
"जाळ."
थोड्या वेळानं : "पोतं तरी धाड. नवं हाये."

पोत्याविषयी नियमात काही सापडलं नाही.
दोनदा धुतलंय.
गच्चीवर वाळतंय,
रस्त्यापासून चार मजले वर.