निरंक

जिल्ह्यावरून पत्र आलं: जुने स्कॅनर यंत्र निर्लेखित करावे,
तत्पूर्वी आतील माहिती नष्ट करून
प्रमाणपत्र सादर करावे.
नाझर सुखदेवे म्हणाले, आतील माहिती?
काच तर कोरी दिसून राह्यली.
मी कंत्राटी, अकरा महिन्यांची. मलाच ठाऊक होतं
मशीन नुसती बघत नव्हती, ठेवतही होती.

सात वर्षं.
कुरखेड्याच्या तहसिलीत, मागच्या खोलीत,
जिथे पावसाळ्यात खिडकीतून बेडक्या येतात.
सातबारे, फेरफार, धान खरेदीचे टोकन,
वनहक्काचे दावे, त्यांवरचे अंगठे,
एका पोराची टीसी, टीसीवर वरणाचा डाग.
काचेवर जे जे पालथं झोपलं, ते तिने गिळलं.

मेन्यू उघडला. पासवर्ड कारखान्यातलाच,
एक ते चार, अंगणवाडीतलं पोरही म्हणेल असा.
पत्त्यांच्या यादीत सगळ्यात वर दहिवले साहेब,
तीन वर्षांपूर्वी रिटायर होऊन नागपूरला गेलेले.
कोणी चुकून पहिलं बटन दाबलं
की इथला कागद अजून त्यांच्या मेलवर पोचायचा.
त्यांनी कधी कळवलं नाही.
वाचतही असतील, सकाळी चहासोबत,
कोणाची बांधी कोणाच्या नावावर झाली ते.

डिलीट केलं तर काही जात नाही, मी सुखदेवेंना सांगितलं,
दारावरची पाटी उतरते, माणसं आतच राहतात.
वरून लिहावं लागतं. तीनदा.
आधी सगळी शून्यं, मग सगळे एक, मग मनाला येईल ते.
"म्हणजे सारवनच नं."
हो सर. सारवणच.

दुपारी फुलवंता कोडापे आली, कोरचीकडच्या एसटीनं,
चपला हातात.
"बाई, त्याच्यात माया बुढा आहे नं?"
दाव्याला नवऱ्याचं आधार लावलं होतं,
मागून पेटीतलं सगळं उधईनं खाल्लं.
"फोटो तो एकच. एक काढून दे, मंग पुस."

पत्रात असं कलम नव्हतं.
आणि फाइलींना नावं नसतात, फक्त तारीख, वेळ, आकडा.
कधी आली होतीस?
"मोहफुलं पडत होती. बाजाराचा दिवस."
साल?
ती माझ्याकडे बघत राहिली.

मी एकेक मार्च उघडला, एकेक एप्रिल.
बाजारामागून बाजार.
मधे दुसऱ्यांचीच माणसं येत गेली:
एकीची सोडचिठ्ठी, एकाच्या रक्ताचा रिपोर्ट,
आमच्याच गल्लीतल्या मास्तरांचं दुसरं लग्न.
फुलवंता छताकडे बघत होती,
एक बाई लुगडं बदलत असली
की दुसरी बघते तशी.
मग मीही नुसता कोपऱ्यातला आकडा वाचत गेले.

सापडला का, हे मी कुठे नोंदवलेलं नाही.
ती गेली तेव्हा पदराच्या गाठीत काहीतरी होतं.
बसभाडंही असू शकतं.

साडेचारला "हो" दाबलं.
तीन टक्के. सात टक्के.
लाइन जाईल या धाकानं डोमा शिपाई
इन्व्हर्टरशेजारी स्टूल घेऊन बसला, आजाऱ्याजवळ बसावं तसा.
रात्री नऊला शंभर झाले.
मी रकाना भरला. शिल्लक माहिती: निरंक.

सकाळी वडशाचा ताराचंद काटा घेऊन आला.
बावन्न किलो.
"पुसायच्या आधी किती होती?" डोमानं विचारलं.
कोणी वजन केलं नव्हतं.

आता नवी आली आहे. यादीत दहिवले साहेब नाहीत,
रोज संध्याकाळी ती स्वतःहून रिकामी होते, तसं मी लावून दिलंय.
सुखदेवे म्हणतात, पासवर्ड सोपा ठेव नं,
नाहीतर लिहून चिकटव भिंतीवर.
सर, तो लिहायचा नसतो.
माझा करार मार्चअखेर संपतो.
तोवर लक्षात आहे.