जबाबदार व्यक्ती

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये पंखा फिरतो तो फक्त आवाजासाठी.
टेबलावर फाइल. पुठ्ठ्याची, नाडीची,
दांडिया बाजारातून आणलेली, बावीस रुपयांची,
आणि तिच्यात युरोप मावायचा आहे.

आधी नावं बदलली.
नागरमोथा झाला सायपेरस रोटुंडस.
वाळा, कचोरा, आंबेहळद
सगळे लॅटिनमध्ये जाऊन बसले
मुंज झालेल्या पोरांसारखे, ताठ, अनोळखी.
मसुराची डाळ, लेन्स एस्क्युलेंटा म्हणे.
अगं, काल तर आमटीत होतीस.

संत्र्याच्या सालीने एक नाव लपवून ठेवलं होतं :
लिमोनीन.
ते आता वेगळं छापायचं,
तिकडे कुणाच्या तरी कातडीला सोसत नाही.
नुसता सुवास चालत नाही,
कसला, किती, कशातून आला.

पहिला रिपोर्ट आला अटलादऱ्याच्या लॅबमधून.
जंतू : मोजता येऊ नयेत इतके.
मी तो आईला वाचून दाखवला नाही.
तीस वर्षं गच्चीवर, धुतलेल्या लुगड्यावर वाळलेली तिची पूड,
वर कबुतरं, बडोद्याची धूळ,
उत्तरायणात तुटून आलेल्या पतंगांच्या काड्या.
दिग्विजय म्हणाला, किरणं मारून आणू, पाच दिवसांचं काम.
आईला सांगितलं, वाळवायला मशीन घेतलंय.
तिने एवढंच विचारलं,
मशीनला ऊन कळतं का?

मग तो रकाना.
जबाबदार व्यक्ती : नाव, पत्ता, युरोपातलाच.
उट्रेख्तचे कुणी योरिस डेकर
वर्षाचे नऊशे युरो घेऊन जबाबदार व्हायला तयार आहेत.
त्यांनी उटणं पाहिलेलं नाही. लावणार तर नाहीतच.
पण डबीच्या बुडाशी त्यांचं नाव असेल,
आईचं वर, झाकणावर, फुलाफुलांत.

पान एकोणतीस.
यापूर्वी काही अनिष्ट परिणाम?
दिग्विजयने लिहून टाकलं होतं : नाही.
माझं पेन तिथवर आलं आणि अडलं.

चौऱ्याण्णवची दिवाळी.
जांभेकरांच्या मुलीचे गाल,
अभ्यंगस्नान होऊन तास झाला नाही तोच
टम्म, लाल, डोळे मिटलेले.
आई ओल्या केसांनी धावली होती.
आठ दिवस रोज. थंड पट्ट्या, दवाखाना,
रिक्षाचे पैसे हिनेच दिले,
घरात फराळाचं ताट तसंच झाकलेलं.
नवव्या दिवशी मुलगी हसली.
दहाव्या दिवशी आईने कचोरा निम्मा केला
आणि कुणाला काही सांगितलं नाही.

मी खोडलं. वर लिहिलं : एक.
दिग्विजय म्हणाला, वेडी आहेस का, माल अडकेल.
अडकू दे.

चार दिवसांनी ब्रनोहून तपासणाऱ्या डॉक्टरबाईंची ओळ आली :
बॅच क्रमांक? प्रमाण?
त्या व्यक्तीचं पुढे काय झालं?

संध्याकाळी आईला विचारलं.
चष्मा कपाळावर, पुढ्यात वाळ्याची जुडी,
ती काड्या वेगळ्या करत होती.
बॅच कसली, म्हणाली, नरकचतुर्दशी.
कचोरा चार चमचे होता, मग दोन.
आणि ती पोर भरूचला असते, दोन मुलं आहेत तिला,
दर वर्षी फोन करते,
काकू, माझी पुडी ठेवली ना?
मग जरा थांबून,
नीट लिही हो. एवढ्या लांबची बाई विचारतेय.

मी लिहीत राहिले. ती माझ्या मागे येऊन वाचत राहिली,
वाचता येत नव्हतं तिला त्यातलं काही.
सही कुठे करायची, म्हणाली.

आई, ती जागा उट्रेख्तची आहे.

बरं, म्हणाली,
आणि पदराला हात पुसून
तिथेच उभी राहिली.