चतुःसीमा

मचाकोसच्या जिल्हा कचेरीबाहेर
जॅकरँडाखाली माझं टेबल.
अर्जाचे तीन शिलिंग, नकलेचा एक.
विधवांना नक्कल फुकट, मीही त्यांतलीच.

न्दाम्बुकी दर जानेवारीत येतो.
भर उन्हातही अंगात लष्करी कोट,
कोपराला बायकोच्या लेसोचं ठिगळ.
नाव विचारलं की आधी नंबर सांगतो.

मजकूर मला तोंडपाठ:
सन बेचाळीस ते सेहेचाळीस चाकरी,
चिंदविन नदी पोहून पार,
'परत गेल्यावर जमीन' हे कॅप्टनने
सर्वांसमक्ष सांगितलं.
साक्षीदार एकवीस, पैकी हयात दोन.
गेल्या वर्षी मी तीन टाइप केलं होतं.

कॅप्टनला मिळाली जमीन.
कॉफी लावली त्याने, विकली, बोटीने गेला.
त्याच मळ्यात न्दाम्बुकीने सहा हंगाम कॉफी तोडली.
हे अर्जात नको म्हणतो,
तक्रार वाटेल.

मग भिंतीवरचा राजा उतरला, झेंडा बदलला.
उत्तर तेच:
अर्ज विचाराधीन आहे.
शिक्का तेवढा नवा, शाई जरा जांभळी.

यंदा फॉर्म बदलला. त्यात एक रकाना:
मागणी केलेल्या जमिनीची चतुःसीमा.

"कुठली जमीन, आजोबा?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.
तो कोटाचं बटण फिरवत बसला.
माझा चहा निवला, एक गिऱ्हाईक कंटाळून गेलं,
तेव्हा कवायतीच्या आवाजात म्हणाला,

पूर्वेला बांबूचं बेट.
पश्चिमेला नाला, पावसाळ्यात उतार नाही.
उत्तरेला उलटलेला ट्रक.

इकडे कुठे आलाय बांबू, असं मनात येईतो
बोटांनी टाइप करून टाकलं होतं.

"दक्षिणेला?"

"दक्षिणेला मी. फावडं घेऊन.
मधोमध म्वान्झिया आहे."

"क्षेत्रफळ?"

"त्याचे पाय लांब होते."

माणूस सीमा म्हणून दाखवता येत नाही,
नियम मला ठाऊक आहे.
तरी टाइप केलं. शिलिंग घेतले.
तो उधारी ठेवत नाही.

चार महिन्यांनी लिफाफा आला.
पहिल्यांदाच आत निराळं वाक्य:
दक्षिण सीमेबाबत पुरावा जोडावा.

मी दोनदा वाचून दाखवलं.
तो उठला, कोटाची बटणं लावली,
जे बटण नव्हतं त्याच्या काजावरूनही बोट फिरवलं,
टाचेला टाच भिडवली.

"जोड," म्हणाला.

आणि मी टाचणी हातात धरून
त्याच्याकडे बघत राहिले.